चिमूटभर भंडारा

बुधवारी दुपारी चार वाजता आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत बायकांची सभा भरायची. ती मी सतरा वर्षं चालवली. शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय होती. बायबलातल्या गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून मी अधूनमधून पहिल्या काळातल्या हुतात्म्यांच्या गोष्टी सांगायचे. त्यांतली पर्पेतुआची गोष्ट म्हणजे माझा हातखंडा.

अठराशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज नावाचं शहर होतं. राज्य रोमी लोकांचं. पर्पेतुआ तिथल्या चांगल्या घरातली, बावीस वर्षांची, अंगावर पिणारं मूल असलेली. ख्रिस्ती व्हायचं ठरवलं म्हणून तिला कोठडीत टाकलं. सुटायची वाट अगदी सोपी होती. सम्राटाच्या नावानं चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा आणि बाळाला घेऊन घरी जायचं. तिचा म्हातारा बाप कोठडीत आला, तिच्या पायांवर लोळला, माझ्या पांढऱ्या केसांची तरी लाज राख म्हणाला. ती हलली नाही. शेवटी तिला आखाड्यात पिसाळलेल्या जनावरापुढं सोडलं. जनावरानं काम अर्धवट टाकलं, तेव्हा तलवार घेऊन एकजण आला. तो नवखा होता, त्याचा हात थरथरत होता. पर्पेतुआनं स्वतः तो हात धरला आणि आपल्या गळ्यापाशी नेला.

इथं मी थांबायचे. डोक्यावरचा पंखा तेवढा खडखडत असायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना काय सोसावं लागलं असेल ते त्यांनाच ठाऊक. माझ्यापर्यंत धर्म आला तो घरातल्या पितळी भांड्यांसारखा, आयता, घासलेला. मी नोकरी केली, रेल्वे लाइन्स वस्तीत घर बांधलं, नवऱ्याला रीतसर माती दिली, आणि एकदाही मला कुणी विचारलं नाही की वैजयंतीबाई, तुम्ही कुणाच्या?

रूपाली आली ती शिवण शिकायला. सभेआधी त्याच खोलीत आम्ही शिवणवर्ग घ्यायचो. फी नव्हती, कुठल्या जातीधर्माची अट नव्हती. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुटे धागे कापायच्या कामाला होती. मशीनवर बसायला मिळालं तर मजुरी वाढेल, एवढाच तिचा हिशेब. वय सव्वीस-सत्तावीस. काळी, काटक, हातांच्या बोटांना कात्रीचे घट्टे. सकाळची पाळी संपली की सायकलवरून यायची, मागच्या कॅरियरवर साडेतीन वर्षांची मुलगी, संस्कृती. नवरा माउली दुसऱ्या एका कारखान्यात मागावर विणायला होता. दोघंही सांगोल्याकडच्या माळावरच्या एकाच गावचे, धनगराच्या घरातले. गावाकडं मेंढरं, थोडी बाजरी, आणि पाऊस नाही.

वर्ग संपल्यावर बाकीच्या निघून जायच्या. रूपाली मात्र एकदा सभेला बसली ती बसतच गेली. त्या दिवशी मी पर्पेतुआचीच गोष्ट सांगितली. सगळ्या डोळे पुसत होत्या तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"बाई, त्या बाळाचं पुढं काय झालं?"

मी म्हणाले, "ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. आजोबांनी सांभाळलं असेल."

"कुणी इचारलंच न्हाय व्हय?"

एक-दोघी हसल्या. मी पुढचं गीत सांगितलं.

ती आठवी शिकलेली. माझ्याकडून नवा करार मागून नेला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. काही अडलं की मला विचारायची. एकदा म्हणाली, "ह्यो तुमचा येशू बायांसंगं बसून बोलतो की, बाई. हिरीवर बोलतो, वाटंत बोलतो. आमच्यात बाप्या माणूस बाईसंगं बोलतो त्ये पाणी मागायला." पुढच्या वेळी आली तेव्हा सरळच म्हणाली, "मला पाणी घ्यायचंय." म्हणजे बाप्तिस्मा.

आमचे पाळक निंगप्पा सर अक्कलकोटकडचे, स्वभावानं सबुरीचे. ते म्हणाले, "घरी सांगितलंय का हिनं? नवऱ्याला विचारलंय? वर्षभर थांबूया, बाई. विश्वास कुठं पळून जात नाही."

मी त्यांना सुनावलं. म्हणाले, "सर, पर्पेतुआनं कुणाची परवानगी काढली होती?" माझ्यापुढं बोलण्यात ते कधी टिकायचे नाहीत. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सात माणसांसमोर रूपालीचा बाप्तिस्मा झाला. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा बाकीच्या रडतात, ही हसली. संस्कृती पुढच्या बाकावर बसून पाय हलवत होती. त्याच महिन्यात वर्ग पुरा केलेल्या पाच जणींना एका देणगीदारानं एकेक शिलाई मशीन दिलं. त्यात रूपालीही होती. पुढं या दोन गोष्टी लोक एकत्र जोडतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चैत्रात गावाकडं बिरोबाची जत्रा होती. रूपाली, माउली, पोरगी सगळे गेले. तिनं सासूबरोबर नैवेद्याचा स्वयंपाक केला, पाहुण्यांना वाढलं, भांडी घासली. देवळापुढं सगळा भावकीचा मेळा जमला. ढोल वाजत होते, भंडारा उधळला जात होता. सासू तानाबाई सुनांच्या कपाळाला भंडारा लावत लावत हिच्यापाशी आली. रूपालीनं मान मागं घेतली.

"आत्ती, मला नगं. मी आता येशूची हाय."

ढोलात ते चार माणसांनाच ऐकू गेलं. पण चार माणसं पुरेशी होती. माउलीला आधी वाटलं, बायको चेष्टा करते. घरी गेल्यावर त्यानं तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं. त्यानं हात उगारला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "मला एकदा इचारायचं तरी हुतंस की." तानाबाईनं संस्कृतीला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

दोन दिवसांनी रूपाली एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. हे सगळं तिनं मला स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगताना तिचे हात रिकामे नव्हते, माझी मेथी निवडत होती.

"पोरगी आत रडत हुती, बाई. कडीला हात पुरत न्हवता तिचा."

मी तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. छान प्रार्थना केली मी.

चौथ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. धुळा त्यांचं नाव. साठी उलटलेली, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. मी खुर्ची पुढं केली, ते पायरीवर बसले. पाणी दिलं, ते निमूट प्याले आणि तांब्या उपडा करून ठेवला. मग मुलीकडं बघितलं.

"वाळलीस," म्हणाले.

"न्हाय आप्पा. बरी हाय."

"पोरगी खात न्हाय. तुझी आई मांडीवर घिऊन बसती, तरी खात न्हाय." मग त्यांनी कमरेची कापडी पिशवी सोडली आणि आतून कागदाची पुडी काढली. उलगडली. हळद होती. "देवाचा भंडारा हाय. मी स्वता देवळातनं आणलाय. पंचांशी बोलून आलोय, पोरी. लेकीची जात, चुकली म्हनत्यात. कुणी काय बोलनार न्हाय. एवढा कपाळाला लाव अन् चल. संस्कृती तुझ्या कडंवर. माउली न्यायला तयार हाय."

रूपाली खाली बघत होती. "आप्पा, मला न्हाय लावता येत."

"का? माजा देव खोटा हाय?"

"न्हाय. तुमाला तुमचा देव खरा. लहानपणापासनं बघती की मी, मेंढरू आजारी पडलं तरी तुमी त्याच्याम्होरं रडता. पण माजं मन तितं न्हाय आता. मन न्हाय अन् कपाळाला लावलं, तर त्ये देवाला बी खोटं अन् तुमाला बी खोटं."

"खोटं असू दे," धुळाआप्पा म्हणाले. "पोरीसाठी येक डाव खोटं बोल. मनात तुला काय ठेवायचं त्ये ठेव, मी इचारणार न्हाय. चिमूटभर हाय, रूपा. चिमूटभर."

रूपालीचा हात पुडीकडं गेला नाही. तेव्हा म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका उतरवला. पटक्याखालचे केस पांढरेशुभ्र होते, घामानं चिकटलेले. त्यांनी तो पटका दोन्ही हातांनी तिच्या पायांवर ठेवला आणि त्यावर कपाळ टेकलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात परक्या घरात पटका उतरवला नसेल, तो माझ्या फरशीवर, एका परक्या बाईसमोर, पोटच्या पोरीच्या पायांवर पडला होता.

ही सगळी गोष्ट मला पाठ होती. सतरा वर्षं मी ती सांगत आले होते. पण त्या गोष्टीतल्या बापाचा श्वास कसा घरघरतो, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या मानेवरची कातडी मी कधी बघितली नव्हती.

धुळाआप्पांनी तोंड वर केलं आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमी तरी सांगा हिला. तुमच्यामुळं हिचं ह्ये झालं. तुमचं ऐकंल ती."

मी रूपालीकडं वळले आणि म्हणाले, "लाव गं. चिमूटभरच आहे. देव समजून घेईल. तो काय कपाळ बघतो का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. अनोळखी गावात रस्ता चुकल्यावर माणूस इकडंतिकडं बघतो ना, तसं.

"बाई," ती म्हणाली, "तुमीच सांगितलं हुतं की."

मग तिनं वाकून वडिलांना उठवलं. पटका झटकला, त्यांच्या डोक्यावर बांधायला लागली. तिला नीट बांधता येईना. धुळाआप्पांनी तो तिच्या हातातून घेतला, बगलेत मारला आणि तसेच बोडक्यानं फाटकाबाहेर पडले. भंडाऱ्याची पुडी पायरीवरच राहिली. वाऱ्यानं तो सगळ्या पायऱ्यांवर पसरला. रूपालीनं झाडू न घेता ओल्या फडक्यानं तो टिपून घेतला आणि कुंडीतल्या मातीत घातला, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

त्यानंतर आठवड्याभरात निंगप्पा सरांकडं माणसं आली. काही गावची, काही शहरातली. शिवीगाळ नाही, आवाज नाही. चहा घेतला. म्हणाले, शिलाई मशीनचं आमिष दाखवून तुम्ही आमची सून बाटवली. तक्रार लिहून तयार आहे. पुढच्या वेळी आम्ही एवढेच नसू.

हे कळल्यावर रूपालीनं हातगाडी भाड्यानं आणली. एमआयडीसीजवळच्या तिच्या नि माउलीच्या खोलीतलं मशीन त्यावर चढवलं आणि तिथपासून चर्चपर्यंत दुपारच्या उन्हात स्वतः ढकलत आणलं. आवारात उतरवून ठेवलं. निंगप्पा सरांना म्हणाली, "आता तर कुणी म्हणणार न्हाय न्हवं?" सर म्हणाले, "रूपाली, काही दिवस तू इकडं येऊ नकोस."

त्या संध्याकाळी आमच्या समितीची बैठक झाली. सरांनी एक कागद आधीच टाइप करून आणला होता. सदर महिला आमच्या मंडळीची सभासद नाही व तिचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झालेला नाही. खाली तीन सह्या हव्या होत्या, पाळकांची, चिटणीसांची आणि महिला सभेच्या प्रमुखांची. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "दीडशे घरं आहेत, बाई. लहान मुलं आहेत. एकीसाठी सगळ्यांना कसं पणाला लावायचं?"

त्यांचं बोलणं अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण मी सही केली ती दीडशे घरांसाठी नाही. मी घाबरले होते. मला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. पुढ्यात चहा होता, बिस्किटं होती. मी पेन उघडलं आणि वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं. निघताना चिटणीस म्हणाले, "बाई, तुमची सही किती सुंदर आहे." बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीतल्या रूपालीच्या पानाचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा रूपाली भाकरी थापत होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी ती गावाला गेली. पंचांनी बोलावलं होतं, आणि पोरगी दिसेल अशी तिला आशा होती.

तिथं मी नव्हते. तिनं नंतर सांगितलं तेच सांगते.

देवळापुढच्या लिंबाखाली माणसं बसली होती. एका पोरानं आमचा कागद मोठ्यानं वाचला. सह्यांची नावंही वाचली. माझं नाव तिनं तिथं ऐकलं. काही जण हसले. पंचांतला एक म्हातारा हसला नाही. तो मायेनं म्हणाला, "पोरी, त्यांनी बी तुला टाकलं. आता कुणासाठी हट्ट करतीस? तुझं हाय कोण तितं?"

ती म्हणाली, "त्यांनी सोडलं. मी न्हाय सोडलं."

तानाबाई संस्कृतीला घेऊन समोरच बसली होती. पोरगी आजीच्या मांडीवरून सुटायला बघत होती. 'आई, मला घी, आई, मला घी' असं चाललं होतं तिचं. ताटात भंडारा होता. म्हातारा म्हणाला, "लाव आणि पोर घे."

रूपाली उठली. सगळ्यांना वाटलं, लावते. ती ताटाला वळसा घालून संस्कृतीपाशी गेली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, नाक पुसलं, फ्रॉकचं मागचं सुटलेलं बटण लावलं. मग गर्दीतून बाहेर पडली आणि डांबरी रस्त्याकडं चालायला लागली.

"हाक कुटवर येत हुती?" मी विचारलं. कशासाठी विचारलं कोण जाणे. तिच्याशी बोलताना मी तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"वड्याच्या पुलापातुर," ती म्हणाली. "मंग वारं फिरलं."

पंचांसमोरून परतली त्याच दिवशी तिनं माझ्या घरातली पिशवी उचलली. भांडण नाही, बोल नाही. एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या चाळीत एक खोली घेतली. कारखान्यात मशीनवर बसायला मिळालं नाही, पुन्हा धागे कापायलाच लागली. काडीमोड झाला. वर्षाच्या आत माउलीनं दुसरं लग्न केलं. धुळाआप्पांनी लेक मेली असं मानून डोकं भादरलं आणि मेंढरं घेऊन कोकणाकडं गेले. परत आले तेव्हा अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली होती. रूपाली भेटायला गेली, तर भावानं वाटेतूनच परत पाठवलं. पौषात ते वारले. तिला कळलं पंधरा दिवसांनी, गावच्या एका ट्रकवाल्याकडून.

तिनं माझं घर सोडल्यावर मी तिच्याकडं पहिल्यांदा गेले ती चार महिन्यांनी. आधी धीर झाला नाही. रविवारची दुपार होती, पत्रा तापला होता. तिनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी रडले. म्हणाले, "मला माफ कर."

ती चहा गाळत म्हणाली, "तुमाला भ्या वाटलं. मला बी वाटतं, बाई."

"माफ केलंस का पण?"

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही. मी दर रविवारी जाते, ती दर रविवारी चहा करते.

एकदा मी विचारलं, "प्रार्थना करतेस?"

"करते."

"बरं वाटतं?"

"आदी लई ग्वाड वाटायचं. पाणी घेतलं तवा तर आंग हलकं झालं हुतं. आता कायबी वाटत न्हाय. कोरड्या हिरीत खडा टाकावा अन् आवाजच येऊ ने, तसं."

"मग कशाला सोसतेस हे सगळं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "जा ना परत. अजूनही घेतील तुला."

"आवाज येत न्हाय म्हणून हीर न्हाय असं हुतंय व्हय?" ती म्हणाली. मग भिंतीकडं बघत, "का न्हायच हाय, कुणाला ठावं. पण मी हाय म्हनलंय. आता न्हाय म्हनायला मला यायचं न्हाय."

मी महिला सभा सोडली. कुणाला कारण सांगितलं नाही, गुडघे दुखतात म्हणाले. त्यानंतर पर्पेतुआची गोष्ट मी कधी सांगितली नाही. ज्यांना ती ऐकायची होती त्यांची ती ऐकून झाली होती, आणि एकीनं ती खरी धरली होती.

यंदा जूनमध्ये बातमी आली की संस्कृतीला माळशिरसकडच्या एका आश्रमशाळेत पहिलीत घातलंय. माउलीला नव्या बायकोपासून मुलगा झाला होता, तानाबाईचे गुडघे गेले होते, पोरीकडं बघायला कुणी नव्हतं. रूपालीनं एक दिवसाचा खाडा केला. मी म्हणाले, "मी येते. मी शिक्षिका होते, माझ्याशी बोलतील."

सकाळच्या गाडीनं गेलो. फाट्यावर उतरून उसांच्या मधल्या रस्त्यानं दोन किलोमीटर चालत. वसतिगृहाच्या बाई चांगल्या होत्या. आम्हाला ऑफिसात बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ही जन्मदाती आई आहे, मी साक्षीदार आहे, हवं तर लिहून देते, काय घडलं ते सगळं लिहून देते. बाईंनी कपाटातून मुलीचं कार्ड काढलं. आईच्या नावापुढं दुसरंच नाव होतं.

"मला तुमचं पटतंय हो," त्या म्हणाल्या. "पण कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच भेटू द्यायचं असा नियम आहे. उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल. घरच्यांचं पत्र आणा, मी लगेच भेटवते."

"घरचे पत्र देणार नाहीत."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."



आम्ही फाटकाबाहेर आलो. जेवणाची सुट्टी झाली होती. मुली नळापाशी रांगेत ताटं धूत होत्या. सत्तर-ऐंशी असतील. सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले, सगळ्यांना तोच निळा झगा. रूपालीनं फाटकाच्या गजांना धरलं.

"ती बगा. खांबापाशी." मग म्हणाली, "न्हाय. ती मोठी हाय." मग, "ती असंल, वाकलीय ती." ती मुलगी सरळ झाली, तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. रूपाली एकीवरून दुसरीवर नजर नेत राहिली. दोन वर्षं झाली होती. हाक मारावी तर ऑफिसाच्या दारात बाई उभ्या होत्या. घंटा झाली आणि मुली ताटं घेऊन आत गेल्या. त्यांतली एखादी मागं वळून बघेल म्हणून आम्ही थांबलो. त्या फाटकापाशी रोजच कोणी ना कोणी उभं असणार. कुणी बघितलं नाही.

फाट्यावर गाडीसाठी पाऊण तास उभं राहावं लागलं. रूपालीच्या पिशवीत एक फ्रॉक होता, कारखान्यातल्या एकीचं मशीन मागून तिनं शिवलेला, माप अंदाजानंच धरलेलं. वसतिगृहाच्या बाईंनी तोही घेतला नव्हता.

गाडी सुटल्यावर तिनं तो फ्रॉक मांडीवर पसरला. वितीनं मोजून बघितला. मग तोंडाशी नेला आणि दातानं खालच्या घेराची शिवण उसवायला लागली.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"खाली दोन बोटं सोडाय पायजेत," ती म्हणाली. "वाढली असंल ती."

टाका दातात येईना. तिनं फ्रॉक खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागली.